गच्ची सगळ्यांची, ऊन सगळ्यांचं

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." मी म्हटलं, आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं आकडे जुळवले, तेव्हा मला आकड्यांचंच काही तरी बोलू द्या. विषय घेतला आहे घरातली वीज, गरम पाणी आणि आपली गच्ची. हा विषय आजच घेण्याला कारण आहे. आपल्यापैकी काही सभासदांनी गच्चीवर स्वतःच्या घरासाठी सोलर पॅनल बसवायला सोसायटीकडे ना हरकत पत्र मागितलं आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय येणार आहे. मागणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही, सरकारच तशी योजना देत आहे. पण निर्णय घेण्याआधी सगळ्यांसमोर हिशोब असावा, एवढाच माझा हेतू.

उन्हाचं आपल्याला काय सांगायचं! पेपरात रोज शहराचं तापमान छापून येतं ते आपल्या चिकलठाण्याच्या वेधशाळेत मोजलेलं असतं. पारा बेचाळीसवर गेला की अख्ख्या शहराला ती बातमी असते, आपल्या चौथ्या मजल्याला तो अनुभव असतो. वर्षातले साधारण तीनशे दिवस आपल्याकडे स्वच्छ ऊन पडतं. एवढी ठेव रोज दारात येते आणि आपण तिच्यावर फक्त पापड वाळवतो.

आधी गळती थांबवा

कर्जाला आलेल्या माणसाला आम्ही आधी विचारायचो, "खर्च कुठं होतो ते लिहून आणा." विजेचंही तसंच आहे. सोलर लावण्याआधी गळती बघा, नाहीतर गळक्या टाकीत पाणी भरल्यासारखं होईल.

युनिट म्हणजे काय, हे मुलांसाठी सांगतो. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. हल्ली मिळणारा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज बारा तास पंखा चालला तर जुन्याला ०.९ युनिट लागतं, नव्याला ०.३६. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचली. घरात चार पंखे असतील तर बेरीज तुम्हीच करा.

यात एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिली शंभर युनिट स्वस्त, तीनशेपर्यंतची महाग, त्यापुढची आणखी महाग. त्यामुळे तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. एखाद्याचं बिल ३२० युनिटांचं असेल तर पहिली वीस युनिट वाचवण्यात जो फायदा आहे तो नंतरच्या वीसमध्ये नाही.

उन्हाळ्यात कूलर की एसी, हा वाद आपल्या पार्किंगमध्ये दर एप्रिलला होतो. मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे कूलर चांगला चालतो. तो दीड-दोनशे वॅटवर काम करतो, दीड टनी एसीला साधारण दीड हजार वॅट लागतात. कूलर पाणी पितो, हे मात्र खरं, आणि आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगायला नको. वरच्या मजल्यावरच्यांना दुसरा एक उपाय आहे. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की स्लॅब कमी तापतो. आणि गच्चीवर पॅनल आले की त्यांच्या सावलीखालचा स्लॅबही गार राहतो. हा फायदा बिलात छापून येत नाही, पण रात्री झोप लागते.

गरम पाणी: द्राविडी प्राणायाम नको

थंड देशांत लोक सगळं घर गरम करतात. आपल्याकडे गरम करायचं ते अंघोळीचं पाणी. माझ्या पिढीनं तांब्याचा बंब पाहिला. पहाटे उठून त्यात लाकडं, भुसा, नारळाच्या शेंड्या सारायच्या आणि डोळे चोळत बसायचं. मग स्टोव्ह आला, मग विजेचा गीझर आला, आणि हल्ली गॅस गीझर. गॅस गीझरबद्दल एक वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवावं. तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. अंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं.

आता विजेच्या गीझरचा हिशोब. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांचं धरा. चार माणसांच्या घरासाठी १०० लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात. युनिटला सरासरी १० रुपये धरले तर दिवसाला ३५ रुपये, महिन्याला हजार रुपये झाले. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, पाणी तापायला लागणारी उष्णता तेवढीच लागते. पाच स्टारवाला गीझर तापलेलं पाणी जास्त वेळ गरम ठेवतो, एवढाच फरक.

हेच काम सोलर वॉटर हीटर फुकट उन्हावर करतो. काही जण विचारतात, "पॅनल बसवतोच आहोत तर त्याच विजेवर गीझर चालवू, वेगळा हीटर कशाला?" त्याचं उत्तर असं. वीज बनवणारं पॅनल उन्हातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. पाणी तापवणारा सोलर हीटर त्याच उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा पाण्यात उतरवतो. उष्णता हवी असताना आधी उन्हाची वीज करायची, मग विजेची उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम झाला. गच्चीवर जागा मोजकी असेल तर पाणी सरळ उन्हानंच तापवावं.

हीटरच्या दोन अडचणी आहेत, त्या झाकून ठेवत नाही. पहिली पाण्याची. गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत पाइप असतो साठ फुटांचा. त्यात रात्रभर थंड झालेलं तीन ते सहा लिटर पाणी साठलेलं असतं आणि तोटी सोडली की आधी ते येतं. पाण्याची एवढी टंचाई असलेल्या शहरात ते मोरीत सोडणं म्हणजे पाप. ते बादलीत धरून कपड्यांना, फरशीला, कुंड्यांना वापरावं. शिवाय गरम पाण्याच्या पाइपला वरून खालपर्यंत उष्णतारोधक आवरण घालून घ्यावं. ते बसवताना दोन पैसे वाचवायला वगळतात आणि मग लोक म्हणतात सोलरचं पाणी गरमच येत नाही. दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. आपलं बोअरचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर धरतं. तोच थर हीटरच्या नळ्यांत धरतो. म्हणून हीटरला शक्यतो नळाचं पाणी जोडावं. बोअरचंच जोडावं लागलं तर हीट एक्स्चेंजर असलेला प्रकार घ्यावा आणि वर्षातून एकदा सफाई करावी. पावसाळ्यात ढगाळ दिवस आले की छोटा गीझर जोडीला लागतो, तो काढून टाकू नये.

छतावरची वीज आणि मीटरचं पासबुक

आता पॅनलकडे येऊ. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण चार युनिट देतं आणि त्याला अंदाजे शंभर चौरस फूट जागा लागते. पॅनलचं तोंड दक्षिणेला, आणि कल साधारण वीस अंशांचा, कारण आपलं शहर विसाव्या अक्षांशाच्या जवळ आहे. टाकीची किंवा लिफ्टच्या खोलीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या रांगेतल्या सगळ्यांची वीज कमी होते. म्हणून जागा ठरवण्याआधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन सावल्या बघाव्यात, त्याही डिसेंबरात, कारण तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात.

दिवसा वीज तयार होते तेव्हा आपण ऑफिसात असतो आणि दिवे लागतात रात्री. मग ती वीज साठवायची कुठं? यासाठी नेट मीटर असतं, आणि ते मला फार आवडतं, कारण ते पासबुकासारखं आहे. दुपारी जास्तीची वीज महावितरणच्या तारेत गेली की जमा. रात्री आपण घेतली की नावे. महिन्याच्या शेवटी शिल्लक असेल तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. आर्थिक वर्षाच्या शेवटी मात्र खातं मिटवलं जातं आणि उरलेल्या युनिटांचे पैसे कमी दरानं मिळतात. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून कमाई करू, हा विचार सोडून द्यावा. आणि बिल शून्य येईल असं कुणी विकणारा सांगत असेल तर त्याला स्थिर आकाराबद्दल विचारा. तो आकार राहतोच. दर आणि नियम वीज नियामक आयोग वेळोवेळी बदलतो, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी चालू असलेला नियम वाचूनच सही करावी.

आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. वीज गेली की हे सोलरही बंद पडतं, मग बाहेर कितीही ऊन असो! ते मुद्दाम तसं केलेलं असतं. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. म्हणजे लोडशेडिंगसाठी सोलर घेतो आहोत असं कुणी समजत असेल तर त्याला बॅटरी वेगळी लागेल, आणि तिचा खर्चही वेगळा.

गच्ची कुणाची?

आता मुख्य प्रश्न. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान केंद्राकडून मिळतं. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. बंगलेवाल्याला प्रश्न नाही, छत त्याचं. आपण फ्लॅटवाले. आपली गच्ची म्हणजे २४ नावांचं जॉइंट अकाउंट आहे, त्यातून एकट्यानं पैसे काढता येत नाहीत.

मी गच्ची मोजली. टाक्या, जिन्याची खोली, लिफ्टची खोली आणि सावलीचा भाग सोडला तर उपयोगाची जागा साधारण २,५०० चौरस फूट उरते. एका घराला तीन किलोवॅट म्हणजे ३०० चौरस फूट. भागाकार केला तर आठ घरांची सोय होते. मग उरलेल्या सोळा घरांचं काय? पहिले आठ अर्ज आले म्हणून गच्ची संपली, असं पुढच्या पिढीला सांगणार का?

आता दुसरा हिशोब बघा. आपल्या सामाईक मीटरवर लिफ्ट, दोन पंप, बोअरची मोटर, दिवे आणि कॅमेरे मिळून महिन्याला १,०५० च्या आसपास युनिट लागतात. त्याला १० किलोवॅट पुरतात, म्हणजे १,००० चौरस फूट. उरले १,५००. एका घराच्या सोलर वॉटर हीटरला टाकीसकट साधारण ५० चौरस फूट लागतात. २४ घरांचे झाले १,२००. दोन्ही मिळून २,२००, आणि तरी ३०० चौरस फूट मोकळे! म्हणजे त्याच गच्चीवर प्रत्येक घराला गरम पाणी आणि सगळ्यांच्या देखभाल खर्चात बचत, दोन्ही बसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी सामाईक, मग घरोघर गरम पाणी, आणि त्यानंतर जागा उरली तर वैयक्तिक.

हे काही नवं सांगत नाही. आपल्याच शहरातली पाणचक्की बघा. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून पडायचं, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळलं जायचं. वीज नाही, इंधन नाही आणि पीठ सगळ्यांचं. शिर्डीला संस्थानानं २००९ मध्ये प्रसादालयाच्या छतावर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या. त्या ऊन एकवटून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर भक्तांसाठी भात-वरण शिजतं. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथं घरांबरोबर गावाची सामाईक वीजही सौर झाली. एवढंसं गाव एकमतानं करू शकतं, तर २४ फ्लॅटना काय अवघड आहे?

पैसा कुठून आणायचा

किलोवॅटला साधारण ५०,००० रुपये धरले तर १० किलोवॅटचे ५ लाख. खाली माणूस उभा राहील असा उंच सांगाडा करायचा तर आणखी लाखभर. झाले ६ लाख. अनुदान १ लाख ८० हजार वजा जाता ४ लाख २० हजार. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यानंतर खात्यात येतं, म्हणून सुरुवातीला ६ लाख उभे करावे लागतील, हे विसरू नका.

बचत किती? धूळ, ढग, बिघाड धरून महिन्याला १,००० युनिटच मोजतो. १० रुपये दरानं दहा हजार, वर्षाला १ लाख २० हजार. म्हणजे साडेतीन वर्षांत पैसे वसूल. पॅनलची कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, त्यासाठी बचतीतून दर वर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी.

कुणी म्हणेल सिंकिंग फंड आहे की! त्याला हात लावू नये. तो इमारतीच्या म्हातारपणाची पुंजी आहे. फ्लॅटमागे १७,५०० रुपये काढणं हा एक मार्ग आहे. पण आपल्यात पेन्शनवर जगणारे आहेत, एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, नुकतंच घराचं कर्ज डोक्यावर घेतलेली तरुण जोडपीही आहेत. सगळ्यांचा खिसा सारखा नसतो. म्हणून सर्वसाधारण सभेच्या ठरावानं सोसायटीनं कर्ज घ्यावं आणि अनुदान आलं की ते लगेच कर्जात भरावं. उरलेल्या ४ लाख २० हजारांवर १० टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो साधारण ८,९०० रुपये. बचत दहा हजार. म्हणजे हप्ता वाचलेल्या बिलातूनच फिटतो आणि कुणाच्या दारात वर्गणीची पावती घेऊन जावं लागत नाही.

गच्चीवरचे वाद

वहिनींनी मला जिन्यातच अडवून विचारलं, "मग कुरडया-पापड कुठं वाळवायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. कोजागरीचं दूध आपण तिथंच आटवतो आणि संक्रांतीला पतंगही तिथंच उडतात. म्हणूनच आठ फूट उंच सांगाडा सुचवला. खाली जागा मोकळी राहते, आणि ऊन हवं त्यांच्यासाठी दक्षिणेची कडा सोडून ठेवू. पतंगाचा मांजा पॅनलवर अडकणार नाही, ही जबाबदारी बालमित्रांची.

कंत्राटदाराशी बोलताना पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी पूर्ण करावं, कारण पॅनल बसल्यावर खाली गळती निघाली तर सगळं उचलावं लागेल. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे वापरावेत. मे महिन्यात वळवाच्या वादळात इथं पत्रे उडतात, तेव्हा वाऱ्याचा जोर आणि स्लॅबवरचा भार धरून अभियंत्याची सही घ्यावी. अर्थिंग आणि वीजरोधक वेगळे असावेत. आणि यंत्रणेची क्षमता मीटरच्या मंजूर भाराच्या आत आहे का, हे महावितरणकडून आधी तपासून घ्यावं.

शेवटचं, सफाई. एमआयडीसी आणि जालना रोडची धूळ आपल्या वाट्याला भरपूर येते. धूळ बसली की वीज घटते. पॅनल भल्या सकाळी, ते तापण्याआधी, मऊ फडक्यानं आणि थोड्या पाण्यानं पुसावेत. बोअरच्या पाण्यानं धुतले तर डाग पडतात. पंधरा दिवसांतून एकदा, पाळी लावून. वॉचमनच्या गळ्यात टाकून विसरू नये.

मित्रहो, आपण पंचवीस वर्षं एका गच्चीखाली राहिलो. आता बसवलेले पॅनल आपल्या सुवर्णमहोत्सवापर्यंत चालू राहतील. तेव्हा आमच्यापैकी बरेच जण नसतील, पण लिफ्ट चालू असेल आणि तिचं बिल ऊन भरत असेल. पुढच्या सभेत हा विषय येईल तेव्हा मतभेद जरूर मांडा, माझे आकडे तपासा, चूक सापडली तर सांगा. मात्र सभेला या. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झालेल्या सभेत इतका मोठा निर्णय होऊ नये, एवढी या म्हाताऱ्याची विनंती.

 जेवण तयार आहे असं सचिव खुणावत आहेत, तेव्हा थांबतो.